पावसाळ्यातले बाळंतपण : पहिली आंघोळ आणि शेगडीची धुरी

प्रश्न (गुहागर तालुका)

माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे आणि श्रावणात तिचे दिवस भरतील. प्रसूती सरकारी रुग्णालयात होईल. आमच्याकडे मूल जन्मताच त्याला ऊन पाण्याने न्हाऊ घालतात, मध चाटवतात आणि बाळंतिणीची खोली बंद करून शेगडीवर ओवा, वेखंड टाकून धुरी देतात. माझ्या थोरल्याला सुईणीने असेच लगेच न्हाऊ घातले होते. संध्याकाळपर्यंत त्याचे हातपाय गार पडले आणि बाळ अंगावर ओढेनासे झाले. बाळ वाचले, पण ती रात्र मी विसरलेले नाही. सासूबाईंना हे कसे समजावून सांगू?

उत्तर १ (निवृत्त परिचारिका, चिपळूण)

ताई, तुमची भीती रास्त आहे. नवजात बाळाचे वजन कमी आणि त्या मानाने त्वचेचा पसारा मोठा असतो, शिवाय त्याला आपल्यासारखे कुडकुडून ऊब निर्माण करता येत नाही, त्यामुळे ओल्या अंगाने ते फार लवकर गार पडते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना पहिली आंघोळ किमान 24 तास पुढे ढकलायला सांगते. बाळाला कोरडे पुसून आईच्या उघड्या छातीवर पालथे ठेवावे, डोक्याला टोपडे घालावे आणि दोघांवर मिळून कोरडे पांघरूण घालावे. त्याच पहिल्या तासात ते चीक ओढू लागते. हा पिवळसर, दाट चीक अजिबात पिळून टाकू नये. बाळ अडीच किलोपेक्षा कमी भरले, तर असे छातीशी धरणे पुढेही रोज, जितका जास्त वेळ जमेल तितका वेळ चालू ठेवावे. मध आणि गुटी मात्र नकोच. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे.

बाळाच्या गडबडीत बाळंतिणीकडे दुर्लक्ष होते, हे मी अनेकदा पाहिले आहे. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजू लागले, ताप आला, स्रावाला दुर्गंधी आली किंवा डोके फार दुखून अंधारी आली, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

उत्तर २ (आशा कार्यकर्ती, दापोली तालुका)

रुग्णालयात प्रसूती झाल्यावर आम्ही 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतो. मधल्या काळात सासूबाईंनाच एक परीक्षा शिकवा. हाताच्या पाठीने बाळाचे पोट आणि तळपाय चाचपावेत. दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट उबदार आणि पाय गार असतील, तर बाळाला लगेच आईच्या छातीशी घ्यावे. दोन्ही गार असतील, तर तसेच छातीशी धरून 102 ची गाडी बोलवावी. बाळ शांत असताना मिनिटभर श्वास मोजावेत. ते 60 किंवा त्याहून जास्त भरले, पुन्हा मोजूनही तितकेच आले किंवा छाती आत ओढली जात असेल, तरीही थांबू नये. नाळेवर हळद, तेल, राख काहीही लावू नये; ती कोरडी ठेवावी आणि लंगोट तिच्या खाली बांधावा.

उत्तर ३ (देवगड)

काकू, आमच्याही घरी हाच वाद झाला होता. बंद खोलीतल्या निखाऱ्यांचा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो, हे डॉक्टरांनी माझ्या आजेसासूबाईंना समोर बसवून सांगितले, तेव्हा त्यांनी शेगडी पडवीत हलवली. तिथे दोरी बांधून त्या दिवसभर झबली, दुपटी सुकवीत आणि मला कुळथाची पिठी आणि मऊ भात करून आणीत. त्यांचा मान राहिला आणि बाळाला कधी ओलसर कपडा घालावा लागला नाही. तुमच्या सासूबाईंनाही प्रसूतीआधीच एकदा रुग्णालयात सोबत घेऊन जा.