आर्नोल्फिनींच्या चित्रात लग्न कुठंय?

शाईचा_डाग: चित्रकार यान व्हान आयकच्या आर्नोल्फिनी जोडप्याच्या चित्रावरची, 'हे लग्नाचंच चित्र' म्हणणारी कालची पोस्ट वाचून डोकं उठलं. कुत्रा म्हणजे निष्ठा, एकच पेटती मेणबत्ती म्हणजे देव, मागच्या भिंतीवरच्या आरशात दिसणारे दोघे लग्नाचे साक्षीदार, वर बाई पोटुशी! पोटुशीचं सोडलं तर ही कला-इतिहासकार पानोफ्स्कीची 1934 ची थिअरी, अजून किती वर्षं फॉरवर्ड करणार? ज्या जोव्हान्नी दी आर्रिगो आर्नोल्फिनीचं हे लग्न म्हणायचे, त्याचं लग्न 1447 मध्ये झाल्याचा कागद 1997 मध्ये उघड झाला. चित्र 1434 चं. चित्रकार 1441 मध्येच गेला.

कट्ट्यावरचा_काका: मग आरशाच्या वर, भिंतीवर, दस्तऐवजासारख्या वळणदार अक्षरात 'यान व्हान आयक इथे होता, 1434' हे उगाच लिहिलं?

शाईचा_डाग: होता की. लग्नालाच होता कशावरून?

जरीकाठ: आधी ते पोटुशी प्रकरण मिटवा. हिरव्या झग्याचा ढीगभर घोळ उचलून पोटाशी धरलाय तिने. ड्रेस्डेनच्या त्रिपटात (तीन फळ्यांच्या चित्रात) याच चित्रकाराची संत कॅथरीन तश्शीच दिसते, आणि ती कुमारिका! कॉलेजच्या नाटकात असला झगा मी शिवून घातलाय. पट्टा छातीखाली, पुढचं कापड उचलल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. विंगेत एका सरांनी हळूच विचारलं, "सगळं ठीक आहे ना?"

कट्ट्यावरचा_काका: आणि पलंगापाशी कोरलेली संत मार्गारेट? बाळंतिणींची रक्षक. तीही फॅशन?

जरीकाठ: मूल व्हावं अशी इच्छा असेल. इच्छा म्हणजे सातवा महिना नव्हे. तुमच्यासारख्यांच्या नजरांमुळे लग्नानंतर सैल कुर्ते घालणं सोडलं मी.

कट्ट्यावरचा_काका: ओ ताई, चित्रावर बोला. माझ्यावर कशाला घसरताय?

जरीकाठ: सुरुवात कुणी केली?

निवांत: भांडा निवांत. कला-इतिहासकार कोस्टरबाईंनी 2003 मध्ये मांडलंय की हा दुसरा आर्नोल्फिनी, जोव्हान्नी दी निकोलाओ, आणि चित्रातली त्याची बायको कोस्तान्झा तेव्हा हयातच नव्हती. झुंबर बघा: त्याच्या बाजूला मेणबत्ती जळतेय, तिच्या बाजूला नुसते मेणाचे ओघळ. मला पटतं.

शाईचा_डाग: झालं, पुन्हा प्रतीकंच! इन्फ्रारेड तपासणीत कुत्रा आणि झुंबर खालच्या रेखाटनात नाहीतच, रंगवताना घातलेत. एवढा गूढ अर्थ आधीपासून ठरलेला असता तर?

निवांत: नंतर सुचलं तर अर्थ बाद होतो?

कट्ट्यावरचा_काका: बरं, 1447 चा कागद मान्य. पोटुशी नाही हेही मान्य, नाहीतर ताई झोपू द्यायच्या नाहीत. पण लग्न नाही तर आरशातले दोघे काय चहाला आले?

शाईचा_डाग: पाहुणेच ते. चित्रातला नवरा हात वर करून त्यांना "या" म्हणतोय.

कट्ट्यावरचा_काका: पायातल्या खडावा जमिनीवर काढून ठेवून?

जरीकाठ: तुम्ही घरात बूट घालून बसता का?