मिलिंगवर बोर सेंटर केला, डायल झिरो, तरी कट एकाच बाजूने

हिंगण्याचा_फिटर:
नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत छोटं जॉबवर्क आहे, जुनी टरेट मिलिंग, डीआरओ (टेबल किती सरकलं ते आकड्यात दाखवणारा डिस्प्ले) वगैरे काही नाही. एक गिअरबॉक्सचं कास्ट आयर्न हाउसिंग आलंय, ६२०५ बेअरिंगची सीट (बेअरिंग बसायची जागा) खाल्लेली, म्हणून ५२ मिमीचा बोर, म्हणजे ते गोल भोक, मोठा करून स्लीव्ह (धातूची नळी) ठोकायची अन् परत ५२ करायचा. स्पिंडलला (हत्यार फिरवणाऱ्या दांड्याला) पपी डायल, म्हणजे बारीक फरक दाखवणारं सुईचं गेज, लावून बोरमध्ये फिरवला, तासभर झटून चारही बाजूंना सुई एका जागी आणली, टेबल लॉक केला, बोरिंग हेड (बोर मोठा करायचं हत्यार) लावलं तर कट एकाच बाजूने लागून राहिला, दुसरी बाजू कोरीच. काहून होऊन राहिलं असं? वरून शेडमध्ये ४४ डिग्री, डोकं चालत नाही.

बुटीबोरीवाला:
तासभर लागतो म्हणजे भाऊ तू चारही बाजू एकदम पकडायला जातोस. आधी फक्त एक्स घे. डावीकडे झिरो अन् उजवीकडे ०.४० मिमी आलं तं टेबल ०.२० च सरकव, फरकाच्या अर्धं. मग वाय (पुढे-मागे), मग परत एक्स. सरकवताना डायलचं टोक भिंतीला टेकलेलंच राहू दे अन् किती सरकलं ते सुईवर बघ, हँडलच्या कॉलरवर नको, स्क्रूच्या प्लेमुळे ती खोटं सांगते. मागची सुई दिसत नसेल तर छोटा आरसा धर.
आणि लॉक केल्यावर परत एकदा डायल फिरवला होता का? नसेल तर घोळ तिथंच आहे, जुन्या मशीनचा लॉक टेबलाला ओढतो.

गेज_काका:
बोरिंग हेड लावायला नी (टेबल वर-खाली करणारा भाग) खाली घेतला होता का? घासलेल्या मशीनवर नी परत वर येताना त्याच रेषेत येत नाही. मशीनचं हेडही टेबलाशी काटकोनात आहे का बघून घ्या. टेबलावर २०० मिमीच्या गोलात डायलने ०.१० फरक दाखवला तर क्विल (स्पिंडल खाली-वर नेणारी नळी) १०० मिमी खाली आणल्यावर सेंटर ०.०५ ने गेलंच समजा.

जुना_मिस्त्री:
सगळं बरोबर, पण मला एक सांग बापा, डायल फिरवला कुठं? खाल्लेल्या सीटवरच ना? बेल्ट ज्या बाजूला ओढतो त्या बाजूनं ती जास्त खाल्ली जाते, त्यामुळे तिथं सुई झिरो आली तरी तो खाल्लेल्या बोरचा मध्य, मूळचा नाही. कट चारही बाजूंनी सारखा लागला पाहिजे असं कोणी सांगितलं? मूळ सेंटरवर असशील तर तो एका बाजूनं जास्तच लागेल. झाकण बसतं ती खाच किंवा बेअरिंगच्या मागची न घासलेली कडा, तिथं फिरव, आधी बर (कडेला उठलेली धातूची कोर) साफ करून. नाही तं गिअरचं सेंटर अंतर चुकेल अन् गिअरबॉक्स रडेल.

हिंगण्याचा_फिटर:
मंडळी, लॉक अन् खाल्लेली सीट, दोन्ही निघालं. लॉक केल्यावर परत फिरवून पाहिलं तर एक्समध्ये ०.०६ सरकलेलं. अन् झाकणाच्या खाचेवर सेंटर घेतल्यावर कळलं की सीटचं सेंटर बेल्टच्या बाजूला ०.१५ गेलेलं होतं, मी तर त्याच्यावरच तास घालवला. नशीब पहिला कट हलका घेतला होता. आता लॉक लावूनच शेवटचं रीडिंग घेतो, स्लीव्ह उद्या सकाळी ऊन चढायच्या आत.