माटोळी बांधणाऱ्याची स्वतःची कल्पना कोणती?

सत्तरीकर

आमच्या गोव्यातल्या घरी चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या दिवशी माटोळी बांधण्याचे काम गेली अनेक वर्षे मी व माझे थोरले बंधू करीत आलो आहोत. मखराच्या वर छताला टांगलेली लाकडी चौकट आणि तिला केवणीच्या सालीच्या दोराने बांधलेले नारळ, सुपारीचे शिपटे, करमलां, आंबाडे, घागऱ्या, कुड्याच्या शेंगा हे सारे येथील वाचकांना परिचित आहेच. यंदा मुंबईत चित्रकला शिकणारा पुतण्या आमच्याबरोबर बसला होता. त्याने अगदी मनापासून विचारले, ''काका, चौकट ठरलेली, फळे ठरलेली, नारळाची जागासुद्धा ठरलेली. मग यात तुमची स्वतःची कल्पना कोणती?'' मला उत्तर देता आले नाही. माटोळी स्पर्धांत लोक फळाफुलांतून देवादिकांच्या आकृती साकारतात, त्यांच्या प्रतिभेविषयी शंकाच नाही. परंतु आमच्यासारख्या, वडिलांनी दाखवले तसेच बांधणाऱ्या घरच्या माटोळीला सर्जनशील म्हणता येईल का? जाणकारांनी मत द्यावे, ही विनंती.

फोंड्याची गायनप्रेमी

आपल्या पुतण्याने चौकट ठरलेली असणे ही उणीव मानली आहे, आणि माझा मतभेद नेमका तेथेच आहे. मी ज्यांच्याकडे गाणे शिकते त्या बाईंनी भूप रागातील एकच बंदिश मला आठ महिने गायला लावली. मध्यम आणि निषाद वर्ज्य, म्हणजे हाताशी पाचच स्वर. पहिले काही महिने मी बाईंच्या जागा, म्हणजे त्यांची स्वरांची वळणे, जशाच्या तशा घेत होते. पुढे एका सकाळी धैवतावर थोडे अधिक थांबले गेले आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याची एक निराळी वाट आपोआप सापडली. बाईंनी तानपुरा थांबवला नाही, फक्त मान डोलावली. बंदिशीचे शब्द तेच होते, ताल तोच होता, तरी ती वाट त्या क्षणापूर्वी माझ्याजवळ नव्हती.

आपल्याच मातीतले मोठे उदाहरण द्यायचे तर केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर यांचे देता येईल. दोघींनाही उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांची तालीम मिळाली, घराणे एकच, तरीही दोघींच्या ध्वनिमुद्रिका पाठोपाठ ऐकल्या तर कोण गात आहे हे सांगावे लागत नाही. केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, ती सुद्धा घराण्याची शिस्त सांभाळूनच गायलेली आहे.

डिचोलीचा वाचक

वरील प्रतिसाद पटतो, पण अर्धाच. चौकटीतच राहायचे ठरवले असते तर अँजेलो द फोन्सेका यांची चित्रे आपल्याला मिळालीच नसती. १९०२ मध्ये सांत इस्तेव्ह येथे जन्मलेल्या या चित्रकाराने शांतिनिकेतनात शिक्षण घेतले आणि येशूच्या आईला, मरियेला, साडी नेसवून, भारतीय स्त्रीच्या रूपात रंगवले. त्याबद्दल गोव्यात त्यांच्यावर टीका झाली आणि त्यांचे पुढील आयुष्य मुख्यतः पुण्यात गेले. एखादी रूढी कल्पनेला वाव देते आणि एखादी तिचा श्वास कोंडते, हा भेद आपण नाकारू नये. पुतण्याला असा प्रश्न पडला, याचा मला तरी आनंद वाटतो.

कावेच्या भिंती पाहणारी

फोन्सेकांचे उदाहरण योग्यच आहे. मात्र ज्यांना रूढी मोडायची नव्हती, त्यांच्याकडेही पाहावे. आपल्याकडील जुन्या देवळांत कावी कलेच्या भिंती आहेत. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने कोरून खालचा पांढरा चुना उघडा करायचा, एवढीच ती पद्धत. रंग दोनच, आणि वेळ गिलावा सुकेपर्यंतचा. अशा एका भिंतीवरील वेलीचे टोक कोपऱ्याशी जागा संपल्यामुळे खाली वळवलेले मी पाहिले आहे, आणि त्या वळणावर एक लहानसा पक्षी बसवला आहे. भिंतीच्या दुसऱ्या टोकाला तो नाही. कारागिराला तो कोपऱ्यापाशी पोहोचल्यावरच सुचला असावा, असे मला वाटते.

सत्तरीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तो पक्षी वाचला आणि इतकी वर्षे डोळ्यांसमोर असूनही न दिसलेली एक गोष्ट आठवली. चौकट भरत आली की दादा खाली चटईवर, जेथे मूर्ती बसणार त्याच जागी, उताणे पडतात आणि तेथून वर पाहत मला सांगतात, ''करमलां जड झाली, आंबाड्यांचा घोस पलीकडे घे. शेंगा सुट्या लोंबू देत, वारा आला की हलल्या पाहिजेत.'' वडिलांनी यातले काहीही शिकवले नव्हते. ते उभ्यानेच बांधत असत. यंदा कुड्याच्या शेंगा कमी मिळाल्या, तेव्हा दादांनी त्या चारी बाजूंना न वाटता सगळ्या एकाच कोपऱ्यात सोडल्या, आणि तो कोपरा पाहुण्यांनी थांबून पाहिला.

हे सर्व मी पुतण्याला फोनवर सांगितले. पुढच्या चवथीला चटईवर पडून पाहण्याचे काम त्याला द्यावे, असे दादांनी सुचवले आहे.