विषय: भाज्या आंबवाव्यात की घरी वाइन करावी?

स. न. वि. वि.

आम्ही यंदाच मिशिगनला राहायला आलो. हिवाळ्यासाठी घरबसल्या करता येईल असा छंद हवा आहे. मला कोबी, मुळा, गाजर आंबवून पाहायचे आहे, तर ह्यांना घरी वाइन करण्याची हौस आहे. जागा लहान असल्यामुळे सध्या एकच काहीतरी जमेल. अनुभवी सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

सप्रेम नमस्कार, ताई.

मी दोन्ही करतो. एकच निवडायचे असेल तर आधी कोबी, असे माझे स्पष्ट मत आहे. चिरलेल्या कोबीला त्याच्या वजनाच्या दोन ते अडीच टक्के, म्हणजे किलोला 20 ते 25 ग्रॅम मीठ लावून तो नीट चुरला की थोड्याच वेळात त्याला पाणी सुटते. त्याच पाण्याखाली तो दाबून ठेवला, की 70 फॅरनहाइटच्या आसपास काही दिवसांत बुडबुडे दिसू लागतात आणि आठवड्याभरात चव घेऊन पाहता येते, जरी पूर्ण मुरायला तीन-चार आठवडे लागत असले तरी. त्यामुळे काय बिघडले ते लगेच कळते आणि पुढच्या बरणीत सुधारता येते. वाइनमधली साखर दोन-तीन आठवड्यांत उतरते, म्हणजे तिचे अल्कोहोल होते, पण गाळ खाली बसणे, वरची वाइन नळीने दुसऱ्या बुधल्यात घेणे आणि मग ती मुरणे यांत सहा महिने सहज जातात, म्हणजे ऑक्टोबरातली चूक उन्हाळ्यात कळते.

इडलीचे पीठ फुगावे म्हणून आपण ओव्हनचा दिवा लावून ठेवतो, तसे कोबीला मुळीच करू नये. उबेत तो मऊ पडतो. वर पांढरा पातळ पापुद्रा आला तर काढून टाकावा, मात्र केसाळ, रंगीत बुरशी दिसली तर सगळेच फेकावे. झाकण घट्ट लावू नये, नाहीतर रस उसळून ओटाभर होतो (आणि तो वास दोन दिवस जात नाही).

ह्यांचा हिरमोड मात्र होऊ देऊ नका. मिशिगनच्या नैऋत्येला कॉन्कॉर्ड द्राक्षे भरपूर होतात, पण ती आंबट असून त्यांत साखर कमी असते, म्हणून वरून साखर घालावी लागते. हायड्रोमीटर (रसाची घनता, म्हणजे पर्यायाने त्यातली साखर मोजणारी काचेची नळी) अवश्य घ्यावा: त्यावरचा आकडा 1.090 पासून 0.995 पर्यंत उतरला की साधारण साडेबारा टक्के अल्कोहोल झाले. हिवाळ्यात बाटलीतला रस वापरणार असाल तर त्यात पोटॅशियम सॉर्बेट (रस टिकवण्यासाठी घालतात ते रसायन) नाही ना, हे आधी वाचावे. त्यात यीस्ट वाढत नाही. केंद्रीय कायद्यानुसार दोन प्रौढांच्या घरात वर्षाला 200 गॅलनपर्यंत वाइन करता येते, विकता मात्र येत नाही.

---

मनःपूर्वक आभार. कोबी उद्याच ठेवते. आमचे तळघर 60 फॅरनहाइटच्या आसपास असते, तिथे चालेल का?

---

चालेल, पण पाच-सहा आठवडे धरावेत. त्याहून थंड झाले तर बरणी वर स्वयंपाकघरात आणावी.