मदत हवी आहे: तिखट, आंबट आणि खोबरं एकाच ताटात, सोबत कुठली युरोपियन वाईन घेऊ?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात बाबांची पंच्याहत्तरी आहे. हॉल वगैरे नको, माहीमला घरीच जेवण करायचं ठरलंय. दहा-बारा माणसं असतील, काही घरातली, काही बाबांच्या जहाजावरची. बाबा मर्चंट नेव्हीत इंजिनीअर होते. जेनोआ, लिस्बन, बिल्बाओ ही बंदरं अजून त्यांच्या बोलण्यात येतात, आणि तिथे जेवणाबरोबर प्यायलेली वाईनही. म्हणून त्या दिवशी टेबलावर युरोपातलीच वाईन असावी अशी माझी फार इच्छा आहे.

मेनू आईचा आहे आणि त्यात बदल होणार नाही. रवा लावून तळलेले बोंबील, खिमा पॅटिस, नारळाच्या दुधातलं चिंच घातलेलं कोलंबीचं कालवण, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणातलं मटण, वालाचं बिरडं, आणि शेवटी खाजाचे कानवले. आम्ही सीकेपी, त्यामुळे यातलं काही गाळा म्हणायची सोय नाही.

सगळीकडे सल्ला एकच मिळतो: माशाला व्हाइट, मटणाला रेड. हा सल्ला जिथला आहे तिथे मासा लोण्या-लिंबात शिजून एकटा पानात येतो आणि तो संपल्यावर पुढची डिश येते. आपल्याकडे कालवण, बिरडं, मटण एकाच ताटात, आणि घास घेताना कोणी सरहद्द पाळत नाही. शिवाय कालवणात कोलंबीची स्वतःची चव किती लागते? जीभ आधी पकडते ती चिंच, लसूण, लाल तिखट आणि नारळाचं दूध. मग वाईन कोलंबीशी जुळवायची की वाटणाशी? मला वाटतं वाटणाशी. हे बरोबर आहे का, हा माझा मुख्य प्रश्न.

दुसरा प्रश्न लेबलांचा. फ्रान्स, इटली, स्पेनच्या बाटल्यांवर बऱ्याचदा द्राक्षाचं नाव नसतं, गावाचं किंवा प्रदेशाचं असतं. शाब्ली म्हणजे शार्दने, सॉन्सेर व्हाइट म्हणजे सोव्हिन्याँ ब्लाँ, रिओहा रेड म्हणजे मुख्यतः टेम्प्रानियो, कियांती म्हणजे मुख्यतः सांजोव्हेझे, एवढं मी पाठ केलंय. जर्मन बाटली किती गोड असेल ते मात्र दुकानात उभं राहून कसं ओळखायचं?

बजेट बाटलीमागे ३,००० रुपयांच्या आत. इंपोर्टेड वाईनवर इतकी वर्षं १५० टक्के सीमाशुल्क लागत आलंय, त्यामुळे तिथली रोजच्या जेवणातली बाटली इथे सणासुदीच्या भावाची होते. ६-७ बाटल्या घ्यायच्या आहेत. प्रत्येक पदार्थाला वेगळी नको, ताटभर चालतील अशा सांगा.

प्रतिसाद: शिवडीकर

ताई, तुमचा अंदाज अगदी बरोबर आहे. वाटणाशीच जुळवा. मी हॉटेलात वाईनचं काम करते आणि आपल्या जेवणासाठी तीन गोष्टी आधी बघते: तिखट किती, आंबट किती, तळलेलं किती.

तिखटावर जास्त अल्कोहोलची वाईन घेतली की जाळ वाढतो. टॅनिन जास्त असेल, म्हणजे कोऱ्या कडक चहासारखी तोंड आवळणारी रेड असेल, तर ती कडवट लागते. म्हणून इटलीची बारोलो किंवा फ्रान्सची नवी बोर्दो अशा कडक रेड या ताटाला नकोत, कितीही भारी असली तरी. वालाच्या बिरड्याला मुळात हलकी कडवट चव असते, तिथे तर अजिबात नको. आंबटाचं गणित असं, की कालवणातली चिंच वाईनपेक्षा जास्त आंबट निघाली तर वाईन पाणचट लागते. म्हणजे वाईनलाही स्वतःची चांगली आंबटी हवी.

या सगळ्याला पुरून उरते ती जर्मनीतल्या मोझेलची रीसलिंग ही व्हाइट वाईन, काबिनेट म्हणजे हलक्या दर्जाची. अल्कोहोल बहुधा ८-९ टक्के, आंबटी भरपूर आणि मागे थोडी गोडी. नारळाच्या दुधाशी तिचं छान जमतं. आता तुमचं लेबल: ‘ट्रोकन’ लिहिलं असेल तर कोरडी. तसं काही नसेल तर अल्कोहोलचा आकडा बघा. ८-९ टक्के असेल तर द्राक्षातली काही साखर न आंबता तशीच राहिली आहे, म्हणजे गोडसर. १२ च्या आसपास असेल तर बहुतेक कोरडी.

बोंबील आणि पॅटिसला स्पेनची फेसाळ वाईन, कावा घ्या. शॅम्पेनसारखीच तीही दुसऱ्यांदा बाटलीतच आंबते, त्यातूनच फेस येतो, आणि ती किमान ९ महिने मुरलेली असते, पण किंमत बरीच कमी. बुडबुडे आणि आंबटी तेल कापतात. बाटलीवर ‘ब्रूट’ बघून घ्या. ‘एक्स्ट्रा ड्राय’ हे नाव फसवं आहे, ती ब्रूटपेक्षा गोड असते: ब्रूटमध्ये लीटरला १२ ग्रॅमपर्यंत साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७.

मटणाला रिओहा क्रियांझा. ओकच्या पिंपात किमान वर्षभर राहिलेली असते, तो खरपूस वास भाजलेल्या खोबऱ्याशी जुळतो. बाबांना सांगा, बिल्बाओहून दक्षिणेला उतरलं की रिओहाच लागतं.

कानवल्यांना इटलीची गोड मोस्कातो द’आस्ती, साधारण ५ टक्के अल्कोहोलची, हलक्या फेसाची. गोडाबरोबरची वाईन निदान पदार्थाइतकी तरी गोड हवी, नाहीतर ती आंबट लागते.

दुकानात बाटली हातात घेऊन बुचावरून अंगठा फिरवा. बूच कडेच्या वर आलं असेल किंवा आवरणाखालून चिकट ओघळ आला असेल तर बाटली उन्हात तापलेली आहे, घेऊ नका. काचेला लागून दिव्याखाली मांडलेल्याही नकोत.

प्रतिसाद: वसईचा पाऊस

रीसलिंगवर थोडी असहमती. जहाजावरच्या जुन्या मंडळींना गोडसर वाईन आवडेलच असं नाही. एक बाटली अल्बारिन्यो या व्हाइटची ठेवा, स्पेनमधल्या रिआस बायशासची. गॅलिसियाचा तो किनारा मासे-शिंपल्यांवरच जगतो आणि वाईन कोरडी, किंचित खारट लागते. तळलेल्या बोंबलाबरोबर मला ती कावापेक्षाही आवडते. तिखट कालवणाला मात्र शिवडीकरांची रीसलिंगच बरी.

धागाकर्ती:

दोघांचे मनापासून आभार. २ कावा, २ रीसलिंग, १ अल्बारिन्यो, १ रिओहा, १ मोस्कातो असं ठरवते. जास्त खपणार ते मासेच, म्हणून रेड एकच. रेड रूम टेम्परेचरलाच ठेवायची ना? आणि आईला सोलकढी जेवणाबरोबर वाढायची आहे, ती चालेल का?

प्रतिसाद: शिवडीकर

रूम टेम्परेचर म्हणजे तिकडच्या थंड घरांतलं, १६-१८ अंश. माहीमला डिसेंबरातही दुपारी ३० होतं. रेड अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवूनच उघडा. व्हाइट आणि कावाला बादलीत नुसता बर्फ नको, बर्फ आणि पाणी अर्धंअर्धं घाला, लवकर गार होतात. सोलकढी शेवटी, भाताबरोबर. कोकम आणि कच्च्या लसणापुढे कुठलीच वाईन टिकत नाही, तोवर ग्लास रिकामे झालेले बरे. मोस्कातो त्यानंतर, कानवले आले की उघडा.