निवृत्तीनंतर वेळ मिळाला आणि वाचनच सुटलं. तुमचं काय झालं?

नौपाड्याची मावशी

नमस्कार. १९८६ ते २०२४ अशी ३८ वर्षं मी ठाण्याहून फोर्टात नोकरीला जात होते. फास्ट गाडी लवकर पोचवायची, तरी मी स्लोच धरायचे. ती ठाण्यातूनच सुटायची, बसायला मिळायचं आणि जवळजवळ तासभर पुस्तक हातात असायचं. मुलुंड येईपर्यंत कालची ओळ सापडलेली असायची. मशीद गेलं की जुन्या पासाचा तुकडा खूण म्हणून घालायचा. कितीतरी जाड कादंबऱ्या मी घाटकोपर-कुर्ल्याच्या गर्दीत अशाच संपवल्या.

निवृत्त झाल्यावर वाटलं, आता दिवसभर वाचेन. झालं उलटंच. दुपारी खुर्ची खिडकीशी ओढते, आठ-दहा पानं होतात आणि हात मोबाइलकडे जातो. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, स्वच्छ दिसतं. मनच ठरत नाही. परवा एकच परिच्छेद तीनदा वाचला, तरी काय वाचलं ते सांगता येईना. याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट नातीची. ती ऐरोलीला असते, सहावीत आहे आणि मराठी पुस्तकं फक्त ऐकते. हे वाचन नव्हे, असं मी तिला सारखी म्हणायचे. मे महिन्यात ती आली तेव्हा बालभारतीने ऑनलाइन ठेवलेले ‘किशोर’चे जुने अंक आम्ही टॅबवर काढले. १९७१ साली ‘किशोर’ सुरू झालं तेव्हा मी ७ वर्षांची होते. चित्रातलं बारीकसारीक दिसावं म्हणून मी तेव्हा नाक कागदाला टेकवायचे. ही दोन बोटांनी चित्र मोठं करून तेच शोधत होती. तेव्हापासून मी तिला बोलायचं थांबवलंय.

ज्यांचं वाचन असं प्रवासाला बांधलेलं होतं, त्यांनी ते घरी परत कसं बसवलं? आणि कानाने वाचणाऱ्या मुलांना अक्षरांकडे आणायचा हट्ट धरावा का?

ठाणे-वाशी

मावशी, मी रोज ट्रान्स हार्बरने जातो. उभ्याने अर्धा तास, एक हात कडीला. पुस्तक उघडणं शक्यच नाही, म्हणून ऐकायला लागलो. मालवणी किंवा वऱ्हाडी संवाद कागदावर वाचताना मी अडखळायचो, ते ऐकताना पहिल्या झटक्यात कळतात. हा फायदा मला अपेक्षित नव्हता. वैचारिक लेखन मात्र कानातून निसटतं. घणसोलीला ऐकलेला मुद्दा तुर्भ्याला आठवत नाही. अशी पुस्तकं मी विकतच घेतो आणि रविवारी पेन्सिल घेऊन बसतो. नातीला तिने आधी ऐकलेलंच पुस्तक छापील आणून द्या. गोष्ट माहीत असली की अक्षरांची भीती कमी होते.

मराठीच्या बाई

हट्ट धराच. माझ्या वर्गातली मुलं इंग्रजी माध्यमाची. मराठी अस्खलित बोलतात, पण ‘उद्ध्वस्त’ किंवा ‘तत्त्व’ समोर आलं की थबकतात. २०२० च्या कायद्याने मराठी सगळ्या शाळांत सक्तीची झाली हे चांगलंच झालं, पण ती तासापुरती उरते. रोज एक पान मोठ्याने वाचून घ्या. एकच, पण चुकवू नका.

देवघेव विभाग

मी ठाण्यातल्याच एका छोट्या वाचनालयात १९ वर्षं देवघेव सांभाळतो. ताई, गाडीने तुम्हाला मुदत दिली होती, मशीद स्टेशनपर्यंतची. घरात मुदत नाही. म्हणून स्वतःच्या कपाटातलं वाचू नका, वाचनालयाचं आणा, परतीची तारीख पडलेलं. आपल्या गावात तर मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे, वि. ल. भाव्यांनी सुरू केलेलं.

सुरुवात दिवाळी अंकांपासून करा. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेली ही सवय अजून टिकून आहे. आमच्याकडे वर्षभर न फिरकणारे लोकही अंक बदलायला येतात, कारण एका बैठकीत एक कथा संपते.

तरुण मुलं येतात ती अभ्यासिकेत, स्पर्धा परीक्षेची स्वतःची पुस्तकं घेऊन. आमच्या कपाटांकडे वळत नाहीत, याची मला रोज खंत वाटते. नेमाने पुस्तक बदलतात त्या साठीच्या पुढच्या बायका. वाचलेलं ओळखू यावं म्हणून ठरावीक पानावर बारीक खूण करतात. करू नये, पण त्या खुणा मी कधी खोडत नाही.

नौपाड्याची मावशी

तीन आठवड्यांनी लिहितेय. बाईंचं ऐकून रोज संध्याकाळी नात फोनवर मला एक पान वाचून दाखवते. काल ‘वैशिष्ट्य’ला अडली, मी थांबले, तिने जुळवलं.

देवघेववाले भाऊ, तुमचं वाचलं आणि मला आई आठवली. ती प्रत्येक पुस्तकात २१ व्या पानाच्या आकड्याभोवती पेन्सिलने गोल करायची. बऱ्याच वर्षांनी परवा तिच्या वाचनालयात नाव घातलं, अनामत भरली. कपाटापाशी उभी राहून एकेक पुस्तक काढून २१ वं पान बघत होते. सातव्या पुस्तकात गोल सापडला, फिका झालेला, एका बाजूला किंचित उघडा. ती असाच काढायची. आई जाऊन १६ वर्षं झाली.

तेच घेऊन आले. सकाळी आठला तलावपाळीला जाते, मोबाइल घरी ठेवून, नऊपर्यंत वाचते. काल ८६ व्या पानापर्यंत आले. परतीची तारीख १४ आहे.