ॲव्हेंजरच्या मागच्या चाकाला १३० ऐवजी १५० चा टायर घरी बसवता येईल का?

रात्रपाळी_नेरूळ
नमस्कार मंडळी. माझ्याकडे बजाजची ॲव्हेंजर २२० क्रूझ ही मोटारसायकल आहे, तारांच्या चाकांची. मागचा १३०/९०-१५ टायर (रुंदी १३० मिमी, उंची रुंदीच्या ९० टक्के, चाकाचे धातूचे कडे म्हणजे रिम १५ इंचांची) आता बदलायला झाला आहे, तेव्हा त्याच खर्चात १५०/८०-१५ घालावा असे मनात आहे. पहिले कारण निव्वळ देखणेपणाचे आहे, ते लपवत नाही. क्रूझरचे मागचे चाक भरदारच दिसायला हवे. दुसरे असे की, गेल्या पावसाळ्यात पामबीच रस्त्यावर सिग्नलला थांबताना मागचे चाक दोनदा सरकले, आणि रुंद टायरने पकड वाढेल असे वाटते. गणित करून पाहिले तर व्यास ६१५ मिमीवरून ६२१ होतो, म्हणजे फरक किरकोळ आहे. काम सोसायटीच्या पार्किंगमध्येच करणार. मागचे चाक उचलून धरणारा पॅडॉक स्टँड, टायर काढा-घालायच्या पट्ट्या म्हणजे लिव्हर आणि पाने हाताशी आहेत. स्विंगआर्ममध्ये, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या हलत्या चौकटीत, टायर मावेल की नाही, हे विकत घेण्यापूर्वी कसे ठरवावे?

कोलशेतचा_पाना
व्यासाचे गणित बरोबर आहे, पण अडचण व्यासात कमी आणि बाजूंना जास्त येते. १५० चा टायर कागदोपत्री दोन्ही बाजूंना १० मिमी पुढे येतो, आणि डाव्या-उजव्या बाजूची मोकळी जागा सारखी असेलच असे नाही. आधी साखळीकडची बाजू मोजा: टायरची कड आणि साखळी, टायरची कड आणि चेनगार्डचा आतला पत्रा. मग ब्रेकची टॉर्क रॉड, म्हणजे ब्रेकचे झाकण चाकाबरोबर फिरू न देणारी दांडी. त्यानंतर चाकाच्या पुढे, स्विंगआर्मच्या आडव्या नळीपाशी. हे माप घेताना साखळी नवी असल्याचे धरा, कारण नव्या साखळीत चाक पुढे सरकलेले असते आणि जुन्या, ताणलेल्या साखळीवर घेतलेले माप हमखास फसवते.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीत दिसते ती जागा चालत्या गाडीत उरत नाही. मी माझ्या जुन्या क्रूझरला १४०/९०-१५ घातला होता. व्यास १८ मिमीने वाढला, म्हणजे मडगार्डच्या दिशेने ९ मिमी, आणि पार्किंगमध्ये चाक हाताने फिरवले तेव्हा ते कुठेही टेकत नव्हते. दुसऱ्या रविवारी सौभाग्यवतींना मागे बसवून घोडबंदर रस्त्याने निघालो, तर गायमुखच्या अलीकडे रबर जळल्याचा वास येऊ लागला. उतरून पाहिले तेव्हा टायरच्या बरोबर मध्यावर, जणू ब्लेडने ओढावी तशी, अंगभर एक चर पडली होती. मडगार्डच्या आतून खाली आलेल्या बोल्टाचे ते काम होते; खड्ड्यात शॉकॲब्सॉर्बर पूर्ण दबला की तो टायरला घासत होता. पुढचा प्रवास सौभाग्यवतींनी रिक्षाने केला.

म्हणून एक करा. मुलांच्या खेळण्यातली माती मडगार्डच्या आत, बोल्टांच्या टोकांवर आणि चेनगार्डला आतून लावा, दोन जाडजूड मित्रांना बसवून गाडी गतिरोधकावरून न्या, आणि मग उरलेल्या मातीची जाडी मोजा. नव्या टायरने जितकी जागा खाल्ली जाणार, ती वजा करून बोटभर तरी उरली पाहिजे.

मिमी_मोजणारा
वरच्या प्रतिसादात रिम राहून गेली. टायरची छापील रुंदी ही ठरावीक रुंदीच्या रिमवर मोजलेली असते. रिमवर इंचांत आकडा कोरलेला असतो. टायर उत्पादकाच्या तक्त्यात त्या टायरसाठी किती ते किती इंचांची रिम चालते हे दिलेले असते, ते जुळवून पाहा. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि माथा टोकदार होतो. त्यामुळे १५० लिहिलेला टायर प्रत्यक्षात १५० भरत नाही, सरळ रस्त्यावर जमिनीला टेकणारा पट्टाही अपेक्षेइतका रुंद होत नाही, आणि वळणावर गाडी आधी अडते व मग एकदम पडल्यासारखी झुकते.

ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा रुंदीशी तुम्ही समजता तितका संबंध नाही; रबराचा दर्जा, खाचांची खोली आणि टायरचे वय हे आधी येते. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तुमची खूण वाचून इथे सांगा.

कायद्याचेही लक्षात असू द्या. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली आहे. अपघात झाल्यास विम्याचा सर्वेक्षक आधी टायरवरचा आकडा वाचतो, हे वेगळे सांगायला नको.

रात्रपाळी_नेरूळ
मातीचा प्रयोग काल रात्री केला. वॉचमनकाकांनाही मागे बसवले. ते आनंदाने बसले. मडगार्डकडे जागा भरपूर आहे, परंतु चेनगार्डच्या बाजूला जुन्याच टायरपासून जेमतेम ९ मिमी उरतात, म्हणजे १५० चा विषय तिथेच संपला. खूण २८१७ निघाली. इतका जुना टायर मी दोन पावसाळे ‘अजून खाचा आहेत’ म्हणून चालवला. आता नवा १३०/९०-१५ च घेतो. तो मात्र घरीच चढवणार आहे.

कोलशेतचा_पाना
अवश्य चढवा. ट्यूबमध्ये आकार धरण्यापुरती हवा भरून ती आत घाला, आणि वॉल्व्ह शेवटी येईल अशा बेताने समोरच्या बाजूने टायर रिमवर चढवायला सुरुवात करा. शेवटचा वीतभर भाग अडला तर लिव्हरवर जोर देऊ नका. समोरची कड गुडघ्याने रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरा, ती तिथून बाहेर असली की शेवट कधीच चढत नाही. मी जोर देऊन एकाच दुपारी दोन ट्यूब चिमटल्या आहेत. साबणाचे पाणी सढळ हाताने लावा, फिरण्याच्या दिशेचा बाण पाहा, आणि एकदा पूर्ण हवा भरून, सोडून, पुन्हा भरा म्हणजे ट्यूबची घडी सुटते. टॉर्क रॉडचा नट सुटू न देणारी दुमडायची तार, म्हणजे स्प्लिट पिन, मात्र नवीच घाला, जुनी सरळ करून वापरू नका. आणि पहिले शंभर-दीडशे किलोमीटर ओल्या रस्त्यावर ब्रेक जपून मारा, कारण नव्या रबरावर साच्याचा गुळगुळीत थर असतो.